क ला पहिला उकार

माझ्या आत्याचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते एका जाहीर नोटिशीत. मी तेव्हा कॉलेजात होते. काकांनी रस्त्याकडेची दहा गुंठे जमीन विकायला काढली होती आणि घेणाऱ्याच्या वकिलाने रीतीप्रमाणे पेपरात नोटीस दिली होती. सदर मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, दान, बोजा, अन्नवस्त्राचा अधिकार असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, वगैरे. त्या बारीक टायपाच्या दाटीत एक वाक्य होतं, की मूळ मालकाच्या चारही मुलींनी हक्कसोडपत्र करून दिलेलं आहे. पुढे चौघींची नावं. सगळ्यात शेवटी 'सुमन ऊर्फ नकुशा'.

आम्ही तिला नकूआत्या म्हणायचो. बबी, शकू, तशी नकू. कशाचं तरी लाडाचं रूप असणार, एवढंच डोक्यात होतं. ते 'नको'वरून आलंय हे मला वयाच्या अठराव्या वर्षी, छापील अक्षरांत बघून कळलं. यात माझा मठ्ठपणा आहेच, पण थोडा दोष बोलीचाही. साताऱ्याकडच्या आमच्या खटावात 'नको' कुणी म्हणत नाही. 'नगं' म्हणतात. 'च्या नगं, भाकरी वाढ.' त्यामुळे अंगणातून 'ए नकू' अशी हाक आली तर तीत नकार ऐकूच यायचा नाही. नाव प्रमाण मराठीत होतं आणि घर बोलीत राहत होतं.

तीन मुलींच्या पाठीवर ती चौथी. नाव कुणी ठेवलं यावर घरात कधी एकमत झालं नाही. आजी म्हणायची, त्यांनी ठेवलं. आजोबा म्हणायचे, बारशाला पुरुषाचं काय काम? पुढच्या खेपेला माझे वडील झाले, त्यांच्यानंतर काका. 'नाव लागू पडलं,' असं आजी सांगायची, एखादं औषध लागू पडावं तसं. म्हणजे मी जगात आहे ती त्या औषधाच्या गुणाने, असा हिशेब मांडता येतो. मी तो बऱ्याचदा मांडलाय आणि दरवेळी मध्येच सोडून दिलाय.

वाईट नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे मुलग्यांच्या बाबतीतही होतीच. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा. आधीची मुलं दगावलेली असायची, म्हणून या खेपेच्या पोराला असं नाव द्यायचं की सटवीला, दृष्टीला, यमाला वाटावं, हे काय घेऊन जायचं? धोंडो केशव कर्वे हे नाव आपण इतक्या आदराने घेतो की त्यातला धोंडा आता टोचत नाही. आणि दगडू? पुण्यात 'श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती' म्हणताना कुणाच्या मनात दगड येतो का? गणेशोत्सवात रोज पान एकवर, फोटोसकट, 'श्रीमंत' लावून ते नाव छापतात. मुलाचं कुरूप नाव म्हणजे गालावरची काजळाची तीट. आत जीव आहे म्हणून बाहेर डाग. नकुशा या नावात मात्र जपायचं असं काही नव्हतं. ते नाव त्या मुलीशी बोलतच नव्हतं. तिच्या डोक्यावरून देवाला पाठवलेला तो निरोप होता: पुरे झालं, आता दुसरं पाठव. निरोप्याचं पुढे काय होतं, याची कुणाला पडलेली नसते.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहितात. आत्याचं तिथे 'सुमन' झालं. बाईचं जन्मनाव पुसणारी ही पद्धत, एरवी मला तिची चीड आहे. आत्याच्या बाबतीत मात्र त्याच तांदळाने तिची सुटका केली असं मला वाटायचं. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, 'सुमन तिकडची. हितं आले की नकूच बरी. सुमनला काम लावत्यात.'

शिक्षण संपवून मी एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर लागले. जिल्हा डेस्क म्हणजे नावांचा कारखाना. दिवसाला तीनचारशे नावं हाताखालून जातात. सत्कारातली, अपघातातली, सोसायटीच्या निवडणुकीतली, दहावीच्या निकालातली, निधनाची. कुठल्या गावात कुठलं आडनाव, कुठल्या पिढीत कुठलं नाव, याचा बोटांना अंदाज येतो. आणि आत्याच्या नावाला कान सवकल्यामुळे ते दिसलं की मी थांबायची. ते दिसायचंही ठरावीक ठिकाणीच. 'ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून चार मजूर महिला जखमी' यातल्या चौघींत एक नकुशा. विहिरीवर पाय घसरून, सर्पदंशाने, वीज पडून. निधनवार्तेत 'नकुशाबाई', पश्चात तीन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार. सत्काराच्या बातमीत ते नाव मी क्वचितच बघितलं. नावात गुण नसतो, परिस्थितीत असतो, हे मलाही कळतं. ज्या घरात नकुशा हे नाव ठेवलं जातं त्या घरातली मुलगी ट्रॉलीतूनच कामाला जाणार. तरी ते नाव छापायला आलं ते बहुतेक वेळा काही ना काही मोडल्यावरच आलं, हे खरं.

छापताना त्याचं एक रूप कधी राहिलं नाही. नकुशा, नकुसा, नकुशी, नकोशी. एका पावसाळ्यात आमच्या नव्या मुलाने ते चुकीचं समजून 'अंकुशा' केलं. त्याचा हेतू चांगला होता. असं नाव असूच शकत नाही, बातमीदाराची चूक असणार, असं त्याला वाटलं. तो मुंबईत वाढलेला. मी त्याला दुरुस्त केलं तेव्हा त्याने अर्थ विचारला, आणि अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, 'मग अंकुशाच राहू द्या ना.'

मग 2011 आलं. दिवाळीच्या तोंडावर, 22 ऑक्टोबरला, साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने गावोगाव शोध घेऊन नकुशा नावाच्या मुली हुडकल्या होत्या. 285 निघाल्या. त्या सगळ्यांचं नाव एका समारंभात बदललं. नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि छोटा पुष्पगुच्छ घ्यायला मुली रांगेत उभ्या होत्या. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. कुणी सावित्री नाव घेतलं, आणि ते तर साताऱ्याचंच. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्याच वर्षीच्या जनगणनेने राज्याला आरसा दाखवला होता. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, त्या 894 वर आल्या होत्या. सोनोग्राफी यंत्र आल्यावर नकुशा नाव ठेवायची वेळच येऊ नये अशी सोय झाली होती, असंही म्हणता येईल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, 1988 चं. तरी ही गत. नाव निदान जन्मलेल्या मुलीला मिळतं.

बातमी आम्ही पहिल्या पानावर अँकर, म्हणजे पानाच्या तळाशी ठळक, घेतली. मीच संपादित केली. मथळ्यात 'नकुशा'भोवती अवतरणचिन्हं घातली आणि पान छपाईला सोडल्यावर खूप बरं वाटलं. दोनतीन दिवसांत ती बातमी जगभर गेली. असोसिएटेड प्रेसने दिली, परदेशी पेपरांनी उचलली. साताऱ्याचं नाव असं सातासमुद्रापार क्वचित जातं. इंग्रजीत गेल्यावर नावाच्या शेजारी अर्थ चिकटला: 'अनवाँटेड'. आणि हीच बातमी इंग्रजीवरून उलटी मराठीत आमच्या डेस्कवर आली तेव्हा भाषांतर करणाऱ्याने लिहिलं होतं, 'नाकुसा या शब्दाचा मराठीत अर्थ नको असलेली असा होतो.' खटावातून निघालेला शब्द जगाची प्रदक्षिणा करून नाक लावून परत आला होता.

'अनवाँटेड' हा शब्द चुकीचा नाही, पण त्यात मराठी 'नकोशी'चं काही येत नाही. आपण उकाडा नकोसा झाला म्हणतो, जीव नकोसा झाला म्हणतो, पाहुण्यांची बडबड नकोशी होते. 'नकोसा' हा आपल्या मनाचा तात्पुरता वीट. वळीव पडला की उकाडा जातो आणि वीटही जातो. शिवाय 'नको' हा मराठीतला सगळ्यात खोटा शब्द. नको नको म्हणत दोन पुरणपोळ्या खाणारी माणसं आपण. 'नको गं, राहू दे' म्हणत पदराच्या गाठीला नोट बांधून घेणाऱ्या आज्या आपल्या. म्हणजे या भाषेत ज्या शब्दाने नकार सगळ्यात मऊ होतो तोच शब्द घेऊन मुलीच्या कपाळावर चिकटवला आणि मग तो आयुष्यभर निघाला नाही. शिव्या खूप आहेत मराठीत. त्यांतली एकही इतकी टिकाऊ नाही.

त्याआधी दोन वर्षं, 2009 पासून, कलर्स वाहिनीवर एका हिंदी मालिकेची नायिकाही नकुशा नावाची होती. वस्तीत राहणारी मराठी मुलगी, सुंदर, आणि गुंडांची नजर पडू नये म्हणून आई तिचं तोंड काळं करून ठेवते. मालिका चालली. हिंदी पट्ट्यात ते नाव घराघरात पोचलं आणि तिथे त्याचा अर्थ कुणाला लागत नसल्याने ते चक्क गोड वाटायला लागलं. उषा, मनीषा, नकुशा. ऐकायला वाईट नाहीच आहे. पुण्यात माझ्या शेजारी एक लखनौच्या बाई राहायच्या, त्यांनी मला विचारलं होतं, 'आपके यहाँ ये फूल का नाम है क्या?' मी हो म्हणाले. आत्याला ते सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. 'सुमनबी फूल, नकुशाबी फूल. गजराच झाला की माझा.'

2011 च्या त्या 285 जणींची पुढची बातमी आम्ही केली नाही. करायला हवी होती. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नाव बदललं असं नसतं. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्माची नोंद, रेशनकार्ड, मग आधार, मग बँक. आणि सगळ्यात शेवटी आईची जीभ, ती तर कुठल्याच कचेरीत बदलून मिळत नाही. बातमीला रांग दिसते, पुष्पगुच्छ दिसतो. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे दिसत नाहीत, कारण त्यांचा फोटो येत नाही.

आता माझ्या मथळ्याबद्दल. 2017 सालचा आषाढ. रात्री पावणेअकराला तालुक्याच्या बातमीदाराची बातमी आली. उसाच्या बांधावर दुपट्यात गुंडाळलेलं, काही तासांचं अर्भक सापडलं होतं. मुलगी. वैरणीला गेलेल्या बाईने रडणं ऐकलं, उचललं, पदराखाली घेऊन रस्त्यापर्यंत चालत आली. मुलगी सिव्हिलमध्ये, प्रकृती ठणठणीत. पान सुटायला पंधरा मिनिटं होती. जागा सिंगल कॉलम. मथळा दोन ओळी, ओळीला आठनऊ अक्षरं. 'नवजात बालिका सापडली' एका ओळीत बसत नव्हतं. 'स्त्री अर्भक' म्हणजे पंचनाम्याची भाषा. मी लिहिलं: 'बांधावर सापडली / नकोशी'. बसलं. मराठी पेपरांत हा शब्द अशा बातमीला सर्रास वापरतात, तेव्हा वापरायचे, आजही वापरतात. मी त्यात काही नवं केलं नव्हतं. पान सोडलं, डबा धुतला, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा फोन.

'आगं, माजं नाव छापलंय म्हनं पेपरात.'

तिला वाचता येत नव्हतं. दुकानावर कुणीतरी पेपर वाचताना म्हणालं होतं, नकूआक्का, तुमचं नाव आलंय बघा. मी म्हटलं, आत्या, तुझं नाही, ती एका लहान मुलीची बातमी आहे, सापडलेल्या.

'व्हय, त्ये सांगितलं मला. बरी हाय न्हवं पोर?'

'बरी आहे. दवाखान्यात आहे.'

'मंग तिचं नाव नकोशी ठिवलं व्हय? कुनी ठिवलं?'

'ठेवलं नाही गं कुणी. बातमीत तसं म्हणतात.'

'कोन म्हनतं?'

मी गप्प बसले. पलीकडे कोंबड्या आणि एसटीचा हॉर्न ऐकू येत होता.

'तितं तूच लिवतीस न्हवं?' तिच्या आवाजात रागबिग काही नव्हता. ती खरंच विचारत होती, कारण तिच्या लेखी पेपरात मी एकटीच कामाला होते. 'आईबापानं तर नाव बी न ठिवता टाकली. मंग ह्ये कुनी ठिवलं, म्हनून इचारलं.'

पुढे तिने पावसाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला आणि पेपरची बाजू मांडायचाही प्रयत्न केला. कायदा असा आहे की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांनी उघड करायची नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम. संस्थेत गेल्यावर त्या मुलीला नाव मिळतं, बहुतेकदा छान नाव मिळतं, तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या ताईंच्या पसंतीचं. ते नाव छापता येत नाही, आणि छापू नयेच. म्हणजे बातमीत नावाची जागा रिकामी राहते. रिकामी जागा पेपरला सहन होत नाही, तिथे काहीतरी घालावं लागतं. 2012 च्या डिसेंबरात दिल्लीतल्या त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव छापायला बंदी, म्हणून माध्यमांनी तिला 'निर्भया' म्हटलं. तिथे रिकाम्या जागेत धैर्य भरलं. बांधावरच्या मुलीच्या जागेत आम्ही काय भरलं? तिला टाकून देणाऱ्याचं मत. तेवढंच आमच्याकडे होतं, असंही नाही. पदराखाली घेऊन चालत आलेली बाई त्याच बातमीत होती. सिव्हिलच्या नर्सेस होत्या. आणि देशात दत्तक जाणाऱ्या मुलांत दरवर्षी मुलीच जास्त असतात. मूल मिळावं म्हणून नाव नोंदवलेली जोडपी काही काही वर्षं थांबून असतात. या मुलीसाठी कुठेतरी रांग लागलेली होती आणि मथळ्यात मी तिला नकोशी म्हटलं, कारण ते सिंगल कॉलमात बसत होतं.

बैठकीत मी विषय काढला. वरिष्ठ म्हणाले, वाचकाला एका शब्दात कळतं, आणि त्यात समाजावर टीकाच आहे, मुलीवर नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. अवतरणचिन्हं घालू, असा तोडगा निघाला. अवतरणचिन्हं म्हणजे पेपरवाल्यांचं गोमूत्र, शिंपडलं की शुद्ध. मी माझ्यापुरतं 'चिमुकली' वापरायला लागले. तीन अक्षरांच्या जागी चार, पण दाबून बसवता येतात.

असं नाव बातमीत गेलं की दरवेळी रडंच होतं असं मात्र नाही. हरियाणात हिसार जिल्ह्यातल्या भगाणा गावची कुस्तीगीर आहे, अंतिम पंघाल. घरात मुलींमागून मुली झाल्या, ही शेवटची ठरो म्हणून नाव अंतिम. तिकडे पुरे झालं अशा अर्थाची मुलींची नावं आहेतच, आपल्या नकुशाच्या सख्ख्या बहिणी. ही अंतिम 2022 च्या ऑगस्टमध्ये बल्गेरियात सोफियाला गेली आणि 20 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत 53 किलो गटाचं सुवर्णपदक घेऊन आली. असं करणारी ती पहिली भारतीय मुलगी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सुवर्ण जिंकलं, मग बेलग्रेडला मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि त्याबरोबर पॅरिस ऑलिंपिकची जागा.

तिने आमच्या क्रीडा पानाची जी तारांबळ उडवली ती मी डोळ्यांनी पाहिलीय. 'अंतिम फेरीत अंतिम' लिहावं तर छपाईची चूक वाटते. 'अंतिम अंतिम फेरीत' म्हणजे कॉपी करताना शब्द दोनदा पडल्यासारखं. 'अंतिम जिंकली' लिहिलं तर वाचक विचारतो, कुठली अंतिम? शेवटी आडनाव घेऊन सुटका करून घेतली. पण क्रीडा पानावरचा तो गोंधळ मला मनापासून आवडला होता. घरच्यांनी पूर्णविराम म्हणून ठेवलेलं नाव व्याकरणातच मावेना. मी आत्याला ही गोष्ट सांगितली. तिला कुस्ती कळते, यात्रेतल्या फडाच्या कडेला तिने आयुष्य काढलंय. ती म्हणाली, 'तिच्या पाठीवर झाला का पोरगा?' झाला, मी म्हटलं, धाकटा भाऊ आहे. 'बग, लागू पडतंयच,' आत्या म्हणाली. ती गंमत करत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

सरकार तर आता नेमकी उलटी नावं ठेवतंय. सुकन्या, भाग्यश्री, लेक लाडकी. 2024 मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला 1,500 रुपये. गावोगाव याद्या लागल्या आणि आमच्या गावच्या यादीत एक नकुशा होती. वर मोठ्या अक्षरांत 'लाडकी', खाली क्रमांक अमुक, नाव नकुशा. चुलतभावाने मला त्या कागदाचा फोटो पाठवला. तो चेष्टेने पाठवला होता, मी तो जपून ठेवलाय. आत्याला मी विचारलं, तू अर्ज केलास का? योजना 21 ते 65 वयाची, ती सरली होती. 'लाडकी व्हायचं वय गेलं माजं,' ती म्हणाली आणि कपात चहा ओतत राहिली.

त्याच वर्षी आणखी एक नियम आला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लिहायचं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या गावातली एक मुलगी, आता तिशीला टेकलेली, तिचं जन्मनाव नकुशा. पुढे शाळेच्या दाखल्यावर दुसरं झालं, सासरी तांदळात तिसरं. बाळंतपणाला माहेरी आली होती. नर्सबाईंनी फॉर्म पुढे ठेवला तेव्हा तिने मला फोन केला, पेपरात असलेल्या माणसाला सगळे कायदे ठाऊक असतात म्हणून. 'ताई, आईच्या रकान्यात कुठलं घालू?' मी म्हटलं, आधारवर आहे ते घाल, नाहीतर पुढे पोराला त्रास. ती म्हणाली, 'आधारवर पयलंच हाय. बदलायचं ऱ्हाऊनच गेलं.' मुलगा झाला होता तिला. त्याच्या प्रत्येक कागदावर आता मधोमध ते नाव असेल, पासपोर्ट काढला तर पासपोर्टवर सुद्धा. तिच्या आवाजावरून तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. घाईत होती. रकाना भरायचा होता.

आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. पहाटे, झोपेतच. आतेभावाने सांगितलं, पेपरला तू दे. निधनवार्ता मी आजवर हजारोंनी दुरुस्त केल्या असतील. लिहायला बसले तर पहिल्याच शब्दाला अडले. त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मजकुरात फक्त सुमन होतं. मी फोन केला. त्याला म्हटलं, दोन्ही घालूया. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'माहेरची माणसं नकूच म्हणत्यात, त्यांना कळायचं बी न्हाय न्हाईतर.' ऊर्फ घालायला मला जड जात होतं. आमच्या पानावर ऊर्फ हा शब्द निम्म्या वेळा तडीपार गुंडांच्या नावात येतो. पण दुसरा शब्द नाही. 'सुमन ऊर्फ नकुशा' असं लिहिलं. जमिनीच्या त्या नोटिशीत होतं तसंच.

रात्री दहाला पान लावणाऱ्या मुलाचा फोन आला. नवा होता, माझ्यानंतर लागलेला, मला ओळखत नव्हता.

'मॅडम, त्या निधनवार्तेत एक नाव गडबड वाटतंय. नकाशा आहे का ते? मला मशीन नकाशा दाखवतंय.'

'नाही. नकुशा.'

'परत सांगता?'

'न. नुसता न. क ला पहिला उकार. शहामृगातला श, त्याला काना.'

त्याने ते सावकाश परत म्हणून दाखवलं, एकेक अक्षर. मी हो म्हटलं.

सकाळी पान उघडून बघितलं. नाव बरोबर होतं. वय तेवढं दोन वर्षांनी चुकलं होतं.